संगीतसूची संकेतस्थळ

संगीतसूची संकेतस्थळ म्हणजे ध्वनिमुद्रित संगीताची तपशीलवार माहिती नोंदविणारे आणि त्या संगीतावर गुणांकन किंवा समीक्षण प्रसिद्ध करणारे संकेतस्थळ. ऑलम्युझिक, डिस्कॉग्ज, रेट युवर म्युझिक आणि म्युझिकब्रेन्झ ही या प्रकारातील प्रमुख संकेतस्थळे होत. त्यांपैकी बहुतेकांची माहिती श्रोते स्वतःच भरतात व दुरुस्त करतात. त्यामुळे कोणत्या संगीताची नोंद होते आणि त्याला कोणते स्थान मिळते, हे तेथे कोणते श्रोते उपस्थित आहेत यावर अवलंबून असते. मराठी संगीताच्या संदर्भात ही बाब विशेष महत्त्वाची आहे.

पार्श्वभूमी

ध्वनिमुद्रणाबरोबरच त्याची ओळख टिकवण्याचा प्रश्न निर्माण झाला. नोव्हेंबर १९०२ मध्ये ग्रामोफोन कंपनीचे फ्रेड गायसबर्ग यांनी कोलकाता येथे गौहर जान यांचे गायन मुद्रित केले. गाण्याच्या शेवटी त्या इंग्रजीत स्वतःचे नाव उच्चारत असत. तबकड्या जर्मनीतील हॅनोव्हर येथे तयार होत आणि तेथील तंत्रज्ञांना त्यावरून गायिकेची ओळख पटत असे.

पुढे हे काम संग्राहकांनी केले. कानपूरचे हरमंदिर सिंग 'हमराज' यांनी १९८० पासून हिंदी चित्रपटगीतांच्या कोशाचे खंड प्रसिद्ध केले. मुंबईत १९९० मध्ये सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स ही संस्था स्थापन झाली. तिच्या 'द रेकॉर्ड न्यूज' या नियतकालिकातून जुन्या तबकड्या व कलावंत यांविषयीची माहिती प्रसिद्ध झाली.

प्रमुख संकेतस्थळे

ऑलम्युझिकचा आरंभ १९९१ मध्ये मायकेल अर्लवाइन यांनी केला. तेथील समीक्षणे प्रामुख्याने नियुक्त लेखक लिहितात. केव्हिन लेवांडोव्स्की यांनी २००० मध्ये सुरू केलेले डिस्कॉग्ज प्रारंभी केवळ इलेक्ट्रॉनिक संगीतापुरते मर्यादित होते. तेथे प्रत्येक आवृत्तीची कंपनी, क्रमांक, देश व वर्ष स्वतंत्रपणे नोंदविले जाते. हुसेन शरीफी यांनी त्याच वर्षी सुरू केलेल्या रेट युवर म्युझिकमध्ये श्रोते अर्ध्यापासून पाच तारकांपर्यंत गुण देतात.

म्युझिकब्रेन्झच्या निर्मितीमागे एक वाद आहे. सीडीवरील गाण्यांची माहिती पुरविणारी सीडीडीबी ही सूची असंख्य वापरकर्त्यांनी विनामूल्य भरली होती. परंतु पुढे ती व्यापारी मालकीची झाली आणि तिच्या वापरावर निर्बंध आले. हा अनुभव लक्षात घेऊन रॉबर्ट के यांनी म्युझिकब्रेन्झची उभारणी केली. २००४ मध्ये तिच्यासाठी मेटाब्रेन्झ ही ना-नफा संस्था स्थापन झाली. तेथील मूळ माहिती कोणासही मुक्तपणे वापरता येते.

गुणांकनाची पद्धत

सरळ सरासरी काढल्यास मोजक्या चाहत्यांनी गौरविलेली रचना अग्रस्थानी पोहोचते. हे टाळण्यासाठी अनेक संकेतस्थळे भारित सरासरी वापरतात. उदाहरणार्थ, प्रत्येक रचनेच्या खात्यात ३ गुणांची २० काल्पनिक मते आधीच जमा आहेत असे मानू. एका रचनेला ४ श्रोत्यांनी प्रत्येकी ५ गुण दिले, तर तिची भारित सरासरी सुमारे ३.३३ येते. दुसऱ्या रचनेला ४०० श्रोत्यांनी सरासरी ४.२ गुण दिले, तर तिची भारित सरासरी सुमारे ४.१४ भरते. ही पद्धत गणिती दृष्टीने रास्त असली, तरी ज्या भाषेचे श्रोते तेथे थोडे आहेत, त्या भाषेतील उत्तम रचनाही त्यामुळे खालच्या क्रमांकावर राहतात.

वापरकर्त्यांचे मत

अपरिचित संगीताचा शोध लागणे, आवृत्त्यांमधील भेद कळणे आणि स्वतःच्या संग्रहाची व्यवस्थित सूची करता येणे, या सोयींचे वापरकर्ते सामान्यतः कौतुक करतात. क्रमवारीत पाश्चात्त्य, विशेषतः रॉक संगीताचे प्राबल्य असते, आधीचे गुण पाहून नवा श्रोता तसेच गुण देतो आणि नोंदी मंजूर होण्यास विलंब लागतो, हे प्रमुख आक्षेप होत. टोपणनावाने लिहिणाऱ्यांच्या अधिकाराविषयीही शंका घेतली जाते. मात्र टोपणनाव हे उथळपणाचे लक्षण नव्हे. केशवराव भोळे यांनी 'एकलव्य' या नावाने केलेले गायकांचे परीक्षण मराठी संगीतसमीक्षेत मान्यता पावले आहे.

मराठी संगीताच्या नोंदी

या संकेतस्थळांच्या रचनेत 'अल्बम' हा सामान्यतः मूळ घटक असतो. मराठी संगीताचा मोठा भाग या चौकटीत सहज बसत नाही. १९११ मध्ये रंगभूमीवर आलेल्या 'संगीत मानापमान' या नाटकाची पदे अनेक गायकांनी वेगवेगळ्या काळात गायिली. त्यांचा एकच प्रमाण अल्बम दाखविता येत नाही.

गीतरामायण हे याचे दुसरे उदाहरण होय. १ एप्रिल १९५५ पासून पुणे आकाशवाणीवर प्रसारित झालेली ही ५६ गीते ग. दि. माडगूळकर यांनी लिहिली व सुधीर फडके यांनी स्वरबद्ध केली. मूळ प्रसारणात अनेक गायक-गायिकांचा सहभाग होता. तबकड्यांच्या रूपाने घरोघरी पोहोचलेली गीते मात्र फडके यांच्या स्वरात आहेत. केवळ तबकडीची नोंद झाल्यास मूळ प्रसारणातील गायकांची नावे झाकली जातात. खाजगी मैफलींच्या ध्वनिमुद्रणांची स्थिती याहून कठीण आहे. ती कधीच विक्रीस न आल्याने प्रकाशित आवृत्तींवर आधारलेल्या सूचीत त्यांना स्थान मिळत नाही. याशिवाय एकाच कलावंताचे नाव रोमन लिपीत अनेक प्रकारे लिहिले गेल्याने नोंदी विखुरतात. त्या जोडण्यासाठी डिस्कॉग्ज व म्युझिकब्रेन्झ येथे पर्यायी नावे नोंदविण्याची सोय आहे.

अलका विभास यांच्या 'आठवणीतली गाणी' या मराठी संकेतस्थळाने वेगळा मार्ग स्वीकारला आहे. तेथे मूळ घटक अल्बम नसून गीत आहे. गीताच्या शब्दांसोबत गीतकार, संगीतकार, गायक, नाटक किंवा चित्रपट आणि राग अशी माहिती दिलेली असते. काही गीतांतील कठीण शब्दांचे अर्थही आढळतात. तेथील भर क्रमवारीवर नसून शब्द आणि कर्ते यांच्या नोंदीवर आहे.

महत्त्व

सध्या बहुसंख्य श्रोते गाणी भ्रमणध्वनीवर ऐकतात. तेथे गायकाचे नाव दिसते; गीतकाराचे व संगीतकाराचे नाव मात्र पुष्कळदा वगळलेले असते. तबकडीच्या वेष्टनावरील मजकूर नाहीसा होत असताना ही नावे टिकविणारे साधन म्हणून संगीतसूचीकडे पाहिले जाते. मराठीच्या दृष्टीने तारकांच्या संख्येपेक्षा जाणकार श्रोत्याने केलेली एक अचूक दुरुस्ती अधिक मोलाची ठरते.

हे सुद्धा पहा

ग्रामोफोन
गीतरामायण
नाट्यसंगीत
भावगीत