टेक्स्चर, गिलावा आणि काव



चवथ जवळ आली की गोव्यातल्या घराघरांत रंगकामाचा विषय निघतो. हल्ली त्यात एक नवा शब्द आलाय, टेक्स्चर. दिवाणखान्यातली एक भिंत गुळगुळीत न ठेवता तिच्यावर स्पंजाचे, कुंच्याचे नाहीतर फणीसारख्या पट्टीचे हलके ठसे उठवायचे. घरच्या घरी जमतं, म्हणून तरुण मंडळी हौसेने करतात. छानच आहे. पण ही हौस आपल्या घरांना नवीन नाही. आणि ती पुरवताना आपण जुनं काय खरवडून टाकतो, तेही माहीत असावं, म्हणून हे लिहितोय.

आपलं सगळ्यात जुनं टेक्स्चर सारवणाचं. माती आणि शेण कालवून घरातली बाई हाताने भिंत आणि जमीन सारवी. हात जिथवर पोचे तिथवर एक कमान उमटे, तिच्या शेजारी दुसरी. मुद्दाम नक्षी काढायला कुणी बसत नसे. हाताच्या मापानेच ती होई.

ऐपतीच्या घरात चिऱ्याच्या भिंतींवर चुन्याचा गिलावा असे. आपल्या किनारपट्टीवर हा चुना शिंपल्यांचा. शिंपले भट्टीत भाजले की चुनकळी होते, ती पाण्यात विरवली की खदखदून चुना तयार होतो. भिंतीवर गेल्यावर हाच चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड सावकाश शोषून घेतो आणि घट्ट होतो. रसायनशास्त्राच्या हिशेबाने तो पुन्हा शिंपल्याचाच पदार्थ बनतो. म्हणजे समुद्रातली वस्तू भट्टीतून फिरून आपल्या भिंतीवर परत तीच होऊन बसते.

या चुन्यावरच आपली काव कला उभी राहिली. काव म्हणजे तांबडी माती, तुळशीवृंदावनाला लावतात तीच. शिंपल्यांचा चुना आणि धुतलेली वाळू यांत गूळ घालून ते मिश्रण काही दिवस आंबवायचे, मग कुटून एकजीव करायचे. भिंतीवर आधी पांढरा थर, त्यावर कावेचा तांबडा थर. वरचा थर ओला असतानाच लोखंडी काट्याने आणि कर्काटकाने तो कोरायचा. जिथे तांबडं निघे तिथे खालचं पांढरं दिसे. शेवटी नदीतल्या गुळगुळीत गोट्याने घोटायचं. रंग दोनच, पण कमळं, वेलबुट्टी, देवादिकांच्या आकृती, सगळं त्यात बसे. गोवा, कोकण आणि खाली उत्तर कन्नड जिल्ह्यापर्यंत देवळांवर आणि काही जुन्या घरांवर हे काम झालं. होनावरकडचे कृष्णानंद कामत यांनी फिरून त्याची छायाचित्रं आणि माहिती जमवली, म्हणून आज आपल्याला त्याबद्दल थोडंफार ठाऊक आहे.

मग सिमेंट आलं. भारतात 1914 साली पोरबंदरच्या कारखान्यात त्याचं उत्पादन सुरू झालं. आपल्या गावांतल्या घरांपर्यंत ते पोचायला बरीच वर्षं गेली. पोचल्यावर मात्र चुना मागे पडला, कारण सिमेंट लवकर घट्ट होतं आणि मिस्त्रीचे दिवस वाचतात. यात कुणाचं चुकलं असं मी म्हणणार नाही. पण चिऱ्याची भिंत पावसाळ्यात पाणी पिते. चुन्याच्या गिलाव्यातून ती ओल वाफ होऊन बाहेर पडते. वर सिमेंट आणि प्लास्टिक रंग चढवला की ती वाट बंद होते. ओल आत कोंडते, लोणा लागतो आणि रंगाचे पोपडे सुटतात.

बँकेत असताना घरदुरुस्तीच्या कर्जाचे अर्ज वर्षानुवर्षं माझ्या टेबलावरून गेले. अंदाजपत्रकात एक ओळ हमखास असे, 'जुना गिलावा काढणे'. तिच्यापुढे मजुरीचा आकडा. त्या गिलाव्याची स्वतःची किंमत मात्र कुठल्याच रकान्यात नसे. आम्हा कॉमर्सवाल्यांना घसारा शिकवतात. वस्तू जुनी होते तशी तिची पुस्तकी किंमत उतरते. चुन्याचा गिलावा या हिशेबात बसत नाही. सांभाळला तर तो वर्षागणिक घट्ट होत जातो. आणि कावेचं काम एकदा खरवडलं की कितीही कर्ज काढा, तेच काम परत येत नाही.

म्हणून विनंती एवढीच. टेक्स्चर जरूर करा, पण जुन्या घरात हात घालण्यापूर्वी भिंतीचा एक कोपरा हलकेच तपासा. सफेदीच्या थरांखाली तांबड्या-पांढऱ्या रेषा दिसल्या तर काम तिथेच थांबवा आणि जाणकाराला दाखवा.

साधा चुन्याचा गिलावा असेल तर त्यावर चुन्याचाच हात द्या. चांगला विरवलेला, गाळलेला चुना दुधासारखा पातळ करा, आवडत असेल तर त्यात थोडी काव मिसळा. भिंत आधी ओलसर करा. कुंचा उभा-आडवा फिरवत तीन-चार पातळ हात द्या, प्रत्येक हात वाळू द्या. कुंच्याच्या फटकाऱ्यांनी जी हलकी छटा उठते, तिला दुसऱ्या टेक्स्चरची गरज नाही. डोळ्यांना चष्मा आणि हातांत मोजे हवेतच, चुना भाजतो. प्लास्टिक रंगावर मात्र तो धरत नाही.

तुमच्या घरात, गावच्या देवळात कावेचं काम किंवा जुना घोटीव गिलावा शिल्लक असेल तर फोटो इथे टाका, सोबत गावाचं नाव लिहा. पुढच्या चवथीपर्यंत त्यातल्या किती भिंती उरतील, सांगता येत नाही.