पर्लचा उंट नेमका कुणाचा?

प्रोग्रॅमिंग भाषांच्या इतिहासावर काम करायचं ठरलं की बरेच विद्यार्थी थेट सिंटॅक्सकडे धावतात. मी म्हणेन, आधी त्या भाषेचा प्राणी बघा. तो कुणी निवडला, कधी निवडला, आणि आज वापरायचा तर परवानगी कुणाची लागते?

पर्ल घ्या. लॅरी वॉलने ही भाषा डिसेंबर 1987 मध्ये प्रसिद्ध केली, तेव्हा उंटाचा पत्ताच नव्हता. तो आला 1991 साली, 'प्रोग्रॅमिंग पर्ल' या पुस्तकाच्या मुखपृष्ठावर. ओरायलीच्या पुस्तकांवर जुन्या कोरीव चित्रांतले प्राणी छापायची पद्धत ईडी फ्रीडमन या डिझायनरने पाडली; त्यात पर्लच्या वाट्याला उंट आला. पुस्तक इतकं चाललं की लोक त्याला नुसतं 'कॅमल बुक' म्हणू लागले. म्हणजे निवड झाली पुस्तकासाठी, आणि चिकटली भाषेला.

खरी गोम पुढेच आहे. भाषा मुक्त, कुणीही वापरा, बदला. पण पर्लच्या संदर्भातलं उंटाचं चित्र हा मात्र ओरायलीचा ट्रेडमार्क. बिगर-व्यावसायिक वापराला प्रकाशकाने मोकळीक दिली, तरी मोकळीक देणारा तोच ना! पर्ल फाउंडेशनचं चिन्ह बघा: तिथे उंट नाही, कांदा आहे. वॉलच्या वार्षिक भाषणांचं नाव 'स्टेट ऑफ द ओनियन', अमेरिकी राष्ट्राध्यक्षांच्या 'स्टेट ऑफ द युनियन'वर केलेली कोटी. (कांदा प्राणी नाही, मान्य.)

याउलट 2009 ची गो भाषा. तिचा गोफर, म्हणजे बिळं करून राहणारा उंदरासारखा प्राणी, रेने फ्रेंच यांनी काढला. मूळ गोफर त्यांनी एका रेडिओ केंद्राच्या टी-शर्टसाठी आधीच काढलेला होता. तो क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्यावर खुला आहे. श्रेय द्या आणि हवा तसा रंगवा. रस्टचा खेकडा फेरिस तर सार्वजनिकच करून टाकलाय. म्हणून हे दोघं तुम्हाला नाना वेशांत भेटतात.

एक सावधगिरी बाळगा. 'उंट चिवट, रखरखीत जागीही काम करतो, तशीच पर्ल' असं स्पष्टीकरण तुम्हाला सापडेल. ते छान आहे, पण त्याची तारीख बघा: 1991 च्या आधीचं की नंतरचं? प्राणी आल्यावर अर्थ जोडले जातातच. पायथॉनचंच बघा ना. ग्वीदो व्हान रॉसमने नाव घेतलं ते 'मॉन्टी पायथन्स फ्लाइंग सर्कस' या ब्रिटिश विनोदी मालिकेवरून, सापावरून नाही. तरी आज लोगोत दोन साप आहेत, एक निळा, एक पिवळा.