संकटांचा गुणाकार



यंत्र बिघडण्यापूर्वींच त्याच्या बिघाडाचा पद्धतशीर विचार लिहून ठेवावा, ही रीत फार जुनी नाहीं. ९ नोव्हेंबर १९४९ रोजीं अमेरिकन सैन्यानें तशी एक कार्यपद्धति ठरविली. यंत्राचा प्रत्येक भाग कसा निकामी होईल व त्याचा परिणाम काय, याची यादी करावी, असें तींत होतें. पुढें कारखानदारांनीं तिला अंकांची जोड दिली. हानीची तीव्रता, बिघाडाची शक्यता आणि तो वेळीं लक्षांत न येण्याची भीति, यांस एक ते दहा गुण देऊन गुणाकार करावयाचा. पद्धति सोयीची खरी. परंतु तींत प्रत्येक बिघाड एकएकटा मोजला जातो.

असें मोजण्यांत धोका किती, हें भोपाळनें दाखविलें. युनियन कार्बाइडच्या तेथील कारखान्यांत मिथाइल आयसोसायनेट हें अतिविषारी द्रव्य टाक्यांत सांठविलेलें असे. त्यावर जणूं चार पहारेकरी होते: शीतयंत्र, कॉस्टिक सोड्यानें वायु निष्प्रभ करणारा मनोरा, उरलेला वायु जाळणारा ज्वालास्तंभ आणि पाण्याचे फवारे. समजा, प्रत्येक पहारेकरी दहांत एकदां झोपतो. मग चौघे एकदम झोपण्याची वेळ दहा हजारांत एकदांच यावी. हिशेब चोख दिसतो.

परंतु २ डिसेंबर १९८४ च्या रात्रीं एका टाकींत पाणी शिरलें. तें कसें, याविषयीं वाद आहे. त्या वेळीं शीतयंत्र बंद होतें. ज्वालास्तंभाची नळी दुरुस्तीसाठीं काढलेली होती. मनोरा एवढ्या लोंढ्यास पुरा पडणारा नव्हता, आणि फवारे वायूच्या उंचीपर्यंत पोंचले नाहींत. सुमारें ४० टन विष निजलेल्या वस्तीवर पसरलें. मध्य प्रदेश सरकारनें पुढें ३,७८७ मृत्यु मान्य केले. इतरांचे अंदाज याहून पुष्कळ मोठे आहेत.

हा दुष्काळांतील तेरावा महिना नव्हता. मालाचा खप घटला होता, कारखाना तोट्यांत होता. त्या एकाच कारणानें माणसें कमी झालीं आणि निगा ढिली पडली. मनोरा व फवारे लहान गळतीस पुरेसे. मोठी गळती टाळण्यास शीतयंत्र हवें, आणि तेंच बंद!

नाणें दोनदां उडविलें, तर पहिल्या खेपेची खबर दुसरीला नसते. म्हणून तेथें गुणाकार चालतो. हे चौघे मात्र एकाच धन्याचे चाकर होते. म्हणून प्रत्येक पहारेकऱ्याची परीक्षा घेतांना आणखी एक प्रश्न विचारावा: हा झोपला, तर त्याच कारणानें आणखी कोण झोपेल?