जुनेर, दंड, गोधडी

दोनशे वर्षांपूर्वीची पैठणी आजही एखाद्या घराण्याच्या पेटीत किंवा संग्रहालयात पाहायला मिळते. शेला मिळतो, अंगरखा मिळतो, पगडीसुद्धा मिळते. तेवढी जुनी साधी घरगुती गोधडी मात्र मला आजवर कुणी दाखवलेली नाही. लोकांनी ती हयगयीने टाकली असं नाही. ती वापरून वापरून संपली, आणि संपेपर्यंत वापरणं हाच तर तिच्या जन्माचा हेतू.

लुगड्याचं आयुष्य आठवा. नवं असताना ते सणावाराला नेसायचं, वर्ष-दीड वर्षाने रोजच्या नेसूला यायचं. बसून-उठून ते मधोमध विरलं, की विरलेला भाग काढून दोन्ही धड टोकं एकमेकांना जोडायची. याला दंड घालणं म्हणत. दंड घातलेलं लुगडं आणखी काही दिवस निघे. तेही नेसवेना झालं की ते जुनेर. जुनेराचा सर्वांत मऊ भाग बाळोत्यांना आणि दुपट्याला, धड भाग गोधडीला, उरलेल्या चिंध्या ठिगळांना. पुढे गोधडी विरली की तिच्यावर दुसरं लुगडं चढवायचं आणि ती नव्या गोधडीच्या पोटात जायची. अगदी चाळण झालेली गोधडी गाडीत बसायला नाहीतर गोठ्यात, आणि तिचा शेवटचा तुकडा सारवणाचं पोतेरं म्हणून.

मग हिची कुळकथा शोधायची कुठे? मी गोधड्या शिवते. हे काम सासूबाईंकडून शिकले आणि कामाबरोबर त्यांचं बोलणंही घेतलं. माझ्या अनुभवाने सांगते, गोधडीचा इतिहास कापडात फारसा उरलेला नाही, तो घरातल्या बायकांच्या बोलण्यात उरला आहे. म्हणून आता घरात ‘जुनेर’ म्हटलं की मुलं ‘म्हणजे काय?’ विचारतात, तेव्हा मला हळहळ वाटते. ‘दंड’ म्हटलं तर त्यांना व्यायाम आठवतो.

लिखित पुराव्यात या कुळाची फार जुनी ओळख भिक्षूच्या अंगावर दिसते. बौद्ध भिक्षूंनी उकिरड्यावरचे, स्मशानातले टाकलेले कपडे गोळा करून, धुऊन, जोडून वापरावेत अशी रीत होती. अशा वस्त्राला पांसुकूल म्हणत. मगधातली बांधाबांधांनी विभागलेली शेतं पाहून बुद्धांनी शिष्य आनंदाला तशाच जोडणीचं चीवर बेतायला सांगितलं, अशी कथा विनयपिटकात आहे. भर्तृहरीच्या वैराग्यशतकात जीर्ण तुकड्यांची कंथा येते. शंकराचार्यांच्या नावावर असलेल्या चर्पटपंजरीतही रस्त्यावरच्या चिंध्यांची कंथा येते. हीच परंपरा आपल्याकडे थेट विसाव्या शतकापर्यंत चालत आली. अहिल्यानगर (पूर्वीच्या नगर) जिल्ह्यातल्या कर्जतचे संत गोदड महाराज गोधडीच्या नावानेच ओळखले जातात. आषाढ वद्य एकादशीला तिथे त्यांची रथयात्रा भरते. आणि शेंडगावचे डेबूजी, म्हणजे गाडगेबाबा (१८७६–१९५६), ठिगळांचे कपडे घालून गावोगाव फिरत. लोक त्यांना गोधडे महाराजही म्हणत.

मला यात एक गोष्ट खटकते. संन्याशाच्या कंथेला ग्रंथांत जागा मिळाली. पोराबाळांसाठी गोधडी शिवणाऱ्या बाईला तशी जागा मिळाली नाही. कंथा हे वैराग्याचं चिन्ह ठरलं, पण ती कंथा ज्या हातकामावर उभी आहे ते काम घरचं, आणि ते करणारी संसारात बुडालेली. संतकवी दासोपंतांचं (१५५१–१६१५) उदाहरण घ्या. त्यांनी ‘पंचीकरण’ हा ग्रंथ सुमारे चाळीस फूट लांबीच्या पासोडीवर लिहिला. पासोडी म्हणजे शेतकरी अंगावर घेत ते जाड पांघरूण. अंबाजोगाईला ती आजही जपून ठेवलेली आहे. ग्रंथ झाली म्हणून ती टिकली. त्याच काळातल्या बाकीच्या हजारो पासोड्या पांघरून संपल्या. पुण्यात बुधवार पेठेतल्या विठोबाच्या देवळाजवळ पासोड्या विकायला बसत, तेवढ्यावरून देवाचंच नाव पासोड्या विठोबा पडलं. बाजार उठला, पासोडी गेली, देवाच्या नावात तेवढी राहिली.

कोशांत मात्र गोधडी पोचली. मोल्सवर्थच्या मराठी कोशाच्या १८५७ सालच्या आवृत्तीत गोधडी आहे, वाकळ आहे. सातारा-सांगलीकडे वाकळ म्हणतात, पुण्याकडे गोधडी; खानदेश-वऱ्हाडात आणखी वेगळी नावं ऐकू येतात. महाराष्ट्राबाहेर हिच्या बहिणी पुष्कळ. बंगालची कांथा, बिहारची सुजनी, सिंधची रल्ली, गुजरातची धडकी, कर्नाटकातली कौदी, तेलंगणातली बोंता. सगळ्यांचं तंत्र मुळात एकच: जुन्या कापडाचे थर आणि त्यातून आरपार जाणारा धावदोरा. घोंगडी मात्र या कुळातली नव्हे. नाव जवळचं वाटतं म्हणून शहरातली मंडळी दोन्हींची गल्लत करतात. घोंगडी मेंढीच्या लोकरीची, मागावर विणलेली. गोधडी सुती, हातावर शिवलेली.

कापूस भरलेली दुलई असताना थरांची गोधडी का टिकली, याचं उत्तर आमच्या कामात आहे. कापसाची दुलई धुता येत नाही. दोन-तीन वर्षांत तिचा कापूस बसतो, गाठी होतात, मग पिंजाऱ्याला बोलावून तो पिंजून घ्यावा लागतो. गोधडी पाण्यात बुडवा, आपटा, उन्हात टाका, तिचं काही बिघडत नाही. लेकराने ओली केली तर सकाळी धुतली आणि संध्याकाळी अंथरली. आपल्याकडची थंडीही अशी, की चार-पाच सुती थरांत अडकलेली हवा तिला पुरेशी होते. आणि दुलईला कापूस विकत आणावा लागतो. गोधडीला दोरा आणि सुई सोडून काही विकत आणायचं नाही.

मापाचा हिशेबही लुगड्यातूनच आला. नऊ वार म्हणजे सव्वाआठ मीटर. त्याच्या चार घड्या केल्या की प्रत्येक घडी दोन मीटरची, एका माणसाच्या अंथरुणाएवढी. नुसत्या चार पदरांचं हलकं पांघरूण म्हणजे चौघडी. जाड गोधडी करायची तर वर एक लुगडं, खाली एक लुगडं आणि मध्ये धोतर, सदरे, जुनी चौघडी जे असेल ते. घरात गोधडीचे दोनच प्रकार ओळखले जात, अंगाखालची आणि अंगावरची. अंगाखालची जाड, अंगावरची मऊ. पाहुणा आला की घरातली सर्वांत कमी विरलेली त्याला, आणि घरच्यांनी उरलेल्या दोनांत तिघांनी मुटकुळं करून निजायचं.

आता शिवताना काय होतं ते सांगते. आधी सारवलेल्या किंवा स्वच्छ पुसलेल्या जमिनीवर खालचं लुगडं ताणून पसरायचं. त्याच्या चार कोपऱ्यांवर वरवंटा, तांब्या, डबा, जे जड हाताला लागेल ते ठेवायचं. त्यावर आतले थर असे मांडायचे, की विरलेल्या जागेवर दुसऱ्या कापडाचा धड भाग येईल. इथेच कसब आहे. नव्या मुली मोठे तुकडे आधी लावतात आणि भोकं नंतर बुजवतात. मग गोधडी एकीकडे जाड आणि दुसरीकडे पातळ होते. आतली शिवण, गुंडी, काज काही ठेवायचं नाही, नाहीतर झोपणाऱ्याच्या पाठीला ते रुतत राहतं. थर बसले की वरचं लुगडं, आणि मग वीतभर अंतरावर कच्चे टाके. कच्चे टाके पडल्याशिवाय गोधडी जागेवरून हलवायची नाही.

पक्का दोरा कडेने सुरू होतो. काठाला समांतर एक फेरी, तिच्या आत बोटभर अंतरावर दुसरी, अशा फेऱ्या मधल्या चौकापर्यंत. मोठी सुई, तीन-चार पदरी दोरा, बोटाला गुंडाळलेली चिंधी. डावा हात गोधडीखाली असतो. सुईचं टोक खालच्या बोटाला किंचित टोचलं की समजायचं टाका सगळ्या थरांतून गेला. दोरा फार ओढला तर कापड चुरमडतं आणि ढिला सोडला तर पायाच्या बोटात अडकतो. जीर्ण कापडात स्वतःचं बळ उरलेलं नसतं. ते बळ टाक्यातून येतं. नुसत्या हाताने टरकन फाटेल असं जुनेर जवळजवळ टाके पडल्यावर आणखी दहा वर्षं अंगाखाली टिकतं. यंत्रावर शिवलेल्या गोधडीला मी नावं ठेवत नाही, पण यंत्राचा टाका थरांना आवळून धरतो आणि गोधडी ताठ होते. हाताच्या धावदोऱ्यात थरांना श्वास घ्यायला जागा राहते.

हे काम चैत्र-वैशाखात व्हायचं. शेतं रिकामी, दिवस मोठे, पाऊस लांब. शेजारणी दुपारी येऊन चार बाजूंना बसायच्या आणि एकीच्या गोधडीला चौघींचे हात लागायचे. ज्यांना जमत नसे त्या भटक्या समाजातल्या बायकांकडून शिवून घेत. त्या दारोदार फिरून, अंगणात बसून, धान्यावर किंवा पैशावर गोधडी पुरी करून देत.

आणि तिथे जे बोलणं चाले ते मला अजून ऐकू येतं. दिवेलागण झाली की सुई बाजूला ठेवायची आणि त्या वेळी कुणी मागायला आलं तरी सुई द्यायची नाही. अंगावरचं वस्त्र अंगावर असताना शिवायचं नाही, शिवावंच लागलं तर तोंडात काडी धरायची. बांगडी ‘फुटली’ म्हणायचं नाही, ‘वाढवली’ म्हणायचं. उठून निघालेल्या बाईने ‘जाते’ म्हणायचं नाही, ‘येते’ म्हणायचं. रात्री ‘निजानीज झाली का’ या एका प्रश्नात दार लावलं का, दिवा काढला का, म्हातारीला पांघरूण घातलं का, सगळं येई. सकाळी ‘अंथरुणं काढा’ असा हुकूम सुटला, की गोधड्या घडी करून वलणीवर किंवा कोपऱ्यात एकावर एक चढायच्या. आजारी माणसाने ‘अंथरूण धरलं’ म्हणत. कुणाच्या चुकीवर ‘पांघरूण घातलं’ म्हणत, आणि ते म्हणताना बोलणारीच्या हातात बहुतेक वेळा खरंच पांघरूण असे. गिरणीत नोकरी धरायला मुंबईला निघालेल्या मुलाबरोबर पत्र्याची ट्रंक आणि वळकटी असायची. त्या वळकटीत आईने शिवलेली वाकळ असे.

हे सगळं कशामुळे मोडलं, त्याला मी सहज दोष देणार नाही. नऊवारीची सहावारी झाली आणि घड्यांचा हिशेब बदलला. नायलॉनची, टेरीलीनची पातळं आली. ती विरत नाहीत, मग जुनेर होणार कसं? ती सुईखाली सरकतात, घाम शोषत नाहीत, आणि अशा कापडाची गोधडी उन्हाळ्यात अंगाला चिकटते. जुन्या सुती कपड्यांना दुसरं गिऱ्हाईकही मिळालं. बोहारीण दारात आली की दोन लुगड्यांवर स्टीलचं पातेलं हातात पडू लागलं, आणि ज्या बाईच्या घरात सगळी भांडी पोचे पडलेली होती तिने ते घेतलं तर तिचं काय चुकलं? सोलापुरी चादर आली, मग फोमच्या गाद्या आल्या, ब्लँकेटं आली.

पण सगळीकडे ते मोडलं नाही. दूर कर्नाटकातल्या उत्तर कन्नड जिल्ह्यात, यल्लापूर-हल्याळच्या रानांत, आफ्रिकी वंशाचे सिद्दी लोक राहतात. त्यांच्यातल्या अनेकांच्या घरी कोकणी बोलली जाते. त्यांच्या बायका आजही गोधड्या शिवतात आणि कडेकडून आत जाण्याची त्यांची रीत आमच्यासारखीच आहे. कापडाच्या घड्या घालून केलेले त्रिकोण त्या चारही कोपऱ्यांना लावतात आणि त्यांना फुलं म्हणतात. फुलं लावल्याशिवाय गोधडी उघडी-वाघडी दिसते असं त्या मानतात. हे वाचलं तेव्हापासून मीही कोपऱ्यांना फुलं लावायला लागले आहे.

आमच्या भागातला एक वाक्प्रचार अजून धडधाकट आहे, ‘दसरा काढणं’. घट बसण्याआधी घर झाडून, डबे-भांडी घासून, सगळी अंथरुणं-पांघरुणं धुवायची, याला दसरा काढला म्हणतात. गाडीत गोधड्या रचून नदीवर न्यायच्या, सोड्याच्या पाण्यात भिजवायच्या आणि कंबरेला पदर खोचून पायांनी तुडवायच्या. भिजलेली गोधडी एकटीला उचलत नाही. एक टोक एकीने, दुसरं दुसरीने धरून उलट दिशांना पीळ द्यायचा, आणि पाणी निथळलं की काठावरच्या खडकांवर, झुडपांवर पसरायची. संध्याकाळपर्यंत सगळा काठ लुगड्यांच्या काठांनी भरून जायचा, आणि कुणाच्या घरी कोणाचं लुगडं कोणत्या गोधडीत गेलं ते सगळ्या आळीला कळायचं. आता नदीला ते पाणी नाही, गोधड्या दोन-चारच उरल्यात. त्या मी गच्चीवर, टाकीखाली तुडवते. सून नोकरीवरून फोन करते आणि विचारते, ‘आई, दसरा काढायला रविवारी येऊ का? पिळायला दुसरी बाजू कोण धरणार?’