जांभ्याची खाण

आमच्या घरामागे जांभ्याची जुनी खाण आहे. १८२९ साली साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांशी करार होऊन महाबळेश्वर इंग्रजांकडे गेलं, इथल्या माल्कम पेठेत बंगले उठले, त्यांना चिरे लागले. जांभा ताजा असताना मऊ, वारा लागला की टणक. खाणीच्या भिंतीवरचे कुदळीचे तिरपे घाव अजून बोटांना लागतात.

१८३४ ते १८६४ महाबळेश्वरात चिनी कैद्यांचा तुरुंगही होता. त्यांनी बटाटे, भाज्या पिकवल्या. चायनामन धबधब्याचं नाव त्यांच्याच बागांमुळे पडलं. त्या नावात एकाही माणसाचं नाव नाही, हे मला बोचतं.

घरामागच्या त्या खाणीत मी जांभूळ, अंजन, पिसा ही झाडं लावली. पहिल्याच आषाढात माती वाहून गेली. मग दगडी बांध घातले, पालापाचोळा कुजवला. यंदा अंजन निळा फुललाय.