बारीक बाळ, टिकून राहिलेली चरबी

जळगाव-धुळ्याकडे आपण तब्येत अंगावरच्या मांसावरून जोखतो. फसवं आहे ते. पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी १९९३ पासून सहा खेड्यांतल्या गरोदर बायकांचा अभ्यास केला. बाळं सरासरी २.७ किलोची; इंग्लंडात, साउदॅम्प्टनला ३.५ किलोची. स्नायू कमी, पण पाठीवरची चरबी त्या मानानं टिकून! २००८ साली पुढचा धागा मिळाला: गरोदरपणी बी-१२ कमी नि फोलेट जास्त असलेल्या आयांच्या मुलांवर सहाव्या वर्षीच इन्सुलिनचा असर सर्वांत कमी. बी-१२ शिवाय पेशीतल्या दोन एन्झाइमांचं काम अडतं; त्यातलं एक जनुकांवर रासायनिक खुणा उमटवायला लागणारा माल पुरवतं. संशोधकांचा संशय तिथंच. (आम्ही तत्त्वज्ञानवाले याला नियती म्हणून मोकळे झालो असतो.) आणि आपल्या कळण्याच्या भाकरीत, भरतात बी-१२ नसतंच, ते दुधातून, अंड्या-मांसातून येतं.