मार्क मॅरन : एका स्टँड-अप विनोदकाराची कारकीर्द आणि मौखिक साधनांचा प्रश्न

प्रस्तावना

रंगमंचावर एकट्याने उभे राहून श्रोत्यांना हसविणाऱ्या कलावंतांचा इतिहास कोणत्या साधनांच्या आधारे लिहावयाचा, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. नाटकाची संहिता मागे उरते, गायकाची ध्वनिमुद्रिका उरते. अमेरिकेतील स्टँड-अप कॉमेडी मात्र बहुतांशी रात्रीच्या क्लबांमध्ये घडली आणि श्रोते घरी परतताच विरून गेली. काही अल्बम निघाले, काही कार्यक्रम दूरचित्रवाणीवर झाले. पण रोजचा व्यवसाय कसा चालत होता याची नोंद कोणी ठेवली नाही. विनोदकार लेनी ब्रूस यांच्यावर १९६४ साली न्यूयॉर्कमध्ये अश्लीलतेचा खटला झाला, तेव्हा परवाना खात्याच्या एका निरीक्षकाने खेळ चालू असता घेतलेली टिपणे न्यायालयात पुरावा म्हणून मांडली गेली. आपला खेळ दुसराच कोणी वाईट रीतीने सादर करतो आहे आणि शिक्षा मात्र आपल्याला होते आहे, अशी ब्रूस यांची तक्रार होती. विनोदाची नोंद झाली ती अशी, सरकारी दप्तरात आणि विनोदबुद्धी नसलेल्या हाताने.

या पार्श्वभूमीवर मार्क मॅरन या विनोदकाराची कारकीर्द इतिहासाच्या अभ्यासकाने पाहण्यासारखी आहे. २००९ ते २०२५ या सोळा वर्षांत त्यांनी आपल्या पॉडकास्टसाठी सोळाशेहून अधिक भाग केले. त्यांतील बहुतेक दीर्घ मुलाखती आहेत. या मुलाखतींना ऐतिहासिक साधन म्हणता येईल काय, आणि म्हणावयाचे तर कोणत्या अटींवर, एवढाच प्रस्तुत निबंधाचा विषय आहे.

जडणघडण

मॅरन यांचा जन्म २७ सप्टेंबर १९६३ रोजी न्यू जर्सीतील जर्सी सिटी येथे एका ज्यू कुटुंबात झाला. वडील अस्थिशल्यचिकित्सक होते. बालपणाचा मोठा भाग न्यू मेक्सिकोतील अल्बुकर्की येथे गेला. १९८६ साली बोस्टन विद्यापीठातून इंग्रजी साहित्याची पदवी घेतल्यानंतर ते लॉस एंजेलिसला गेले आणि तेथील कॉमेडी स्टोअर या क्लबमध्ये दारावर काम करू लागले.

या क्लबविषयी थोडे सांगणे आवश्यक आहे. १९७२ मध्ये सुरू झालेला हा क्लब पुढे मिट्झी शोर यांच्या ताब्यात आला. नवोदितांचे ते जणू गुरुकुलच होते. पण विनोदकारांना तेथे मानधन मिळत नसे. १९७९ साली त्यांनी त्यासाठी संप केला आणि मानधनाचा हक्क मिळविला. मॅरन पोहोचले तेव्हा संप जुना झाला होता. सॅम किनिसन या धर्मोपदेशकाच्या विनोदकार झालेल्या गृहस्थाभोवतीचे वर्तुळ तेथे प्रभावी होते. त्या वर्तुळात मॅरन कोकेनच्या आहारी गेले, मनाचा तोल ढळला आणि शहर सोडावे लागले. पुढे न्यूयॉर्कमध्ये लोअर ईस्ट साइडच्या लूना लाउंजसारख्या ठिकाणी चुटक्यांऐवजी आत्मकथनाकडे झुकणारा जो नवा विनोद वाढला, त्यात त्यांचे नाव होते. १९९९ साली त्यांनी व्यसन सोडले. २००० मध्ये ‘द जेरुसलेम सिंड्रोम’ हा एकपात्री प्रयोग ऑफ-ब्रॉडवेवर केला. कॉनन ओब्रायन यांच्या कार्यक्रमात ते चाळीसहून अधिक वेळा आले. तरीही यश म्हणावे असे काही हाती लागले नाही. जॉन स्टीवर्ट, लुई सी. के. असे समकालीन पुढे निघून गेले, आणि हा सल मॅरन यांनी कधी लपविला नाही. पुढील सर्व काही या सलातूनच निर्माण झाले, असे माझे मत आहे.

रेडिओकडून गॅरेजकडे

मार्च २००४ मध्ये उदारमतवादी श्रोत्यांसाठी ‘एअर अमेरिका’ हे रेडिओ जाळे सुरू झाले. त्याच्या सकाळच्या कार्यक्रमाचे मॅरन हे एक सूत्रसंचालक होते. २००५ च्या अखेरीस त्यांना तेथून दूर करण्यात आले. पुढे त्याच संस्थेशी पुन्हा संबंध आला आणि २००९ च्या उन्हाळ्यात तोही संपला. वय पंचेचाळीस, हाती काम नाही, दुसरा विवाह मोडलेला. १ सप्टेंबर २००९ रोजी त्यांनी निर्माते ब्रेंडन मॅकडॉनल्ड यांच्यासह ‘डब्ल्यूटीएफ’ हा पॉडकास्ट सुरू केला. नाव एका असभ्य उद्गाराच्या आद्याक्षरांवरून घेतलेले आहे. त्याचा विस्तार येथे देण्याची गरज नाही. प्रारंभीचे भाग त्याच रेडिओच्या स्टुडिओत, रात्री सामसूम झाल्यावर, परवानगी न घेता मुद्रित झाले. एअर अमेरिका जानेवारी २०१० मध्ये बंद पडली. मॅरन तोवर लॉस एंजेलिसच्या हायलंड पार्क भागातील घराच्या गॅरेजमध्ये बसून ध्वनिमुद्रण करू लागले होते.

‘पॉडकास्ट’ हा शब्द २००४ सालचा. २००५ मध्ये ॲपलने आयट्यून्समध्ये पॉडकास्टची सोय केली आणि परवाना, प्रक्षेपण केंद्र वा वेळापत्रक यांवाचून ध्वनी घरोघरी पोहोचविणे शक्य झाले. मॅरन यांच्या बाबतीत यातील वेळेचे स्वातंत्र्य निर्णायक ठरले. रेडिओवरील मुलाखत काही मिनिटांत उरकावी लागे. येथे तास-दीड तास बोलता येत होते. सुरुवातीचे पाहुणे बहुधा विनोदकार होते आणि त्यांतील कित्येकांशी यजमानाचे कधी ना कधी बिनसलेले होते. मुलाखत पुष्कळदा जुन्या भांडणाच्या खुलाशाने आणि क्षमायाचनेने सुरू होई. विद्यापीठीय पद्धतीत मुलाखतकाराने तटस्थ असावे असे आपण शिकवितो. येथे तो स्वतःच वादी, प्रतिवादी आणि साक्षीदार आहे.

साधनचिकित्सा

राजवाड्यांच्या खंडांवर वाढलेल्या आपल्या अभ्यासपरंपरेला अस्सल कागदाचा ओढा असणे स्वाभाविक आहे. मौखिक इतिहासालाही अमेरिकेत शास्त्रीय रूप आले ते ॲलन नेव्हिन्स यांनी १९४८ मध्ये कोलंबिया विद्यापीठात सुरू केलेल्या उपक्रमापासून. आणि तेथेही प्रारंभी भर थोरामोठ्यांच्या आठवणींवर होता. क्लबच्या दारावर उभे राहिलेल्या, मानधनासाठी भांडलेल्या कलावंतांच्या आठवणी गोळा करण्याचे काम एका बेकार विनोदकाराकडून, तेही स्वतःच्या गरजेपोटी, व्हावे यात नवल वाटण्यासारखे काही नाही. बखरकारांनाही विद्यापीठाची नेमणूक नव्हती.

बहिरंग परीक्षणात येथे अडचण येत नाही. आवाज कोणाचा आणि भाग केव्हा प्रसृत झाला हे निश्चित असते. खरा प्रश्न अंतरंग परीक्षणाचा आहे. त्यासाठी दोन प्रकरणे पाहणे उपयुक्त ठरेल.

पहिले कार्लोस मेन्सिया यांचे. इतरांचे विनोद उचलल्याचा आरोप त्यांच्यावर होता. २०१० साली त्यांची मुलाखत घेतल्यावर उत्तरे मोकळी नव्हती असे मॅरन यांना वाटले. त्यांनी मेन्सियांना ओळखणाऱ्या इतर विनोदकारांच्या साक्षी नोंदविल्या आणि मग मेन्सियांना पुन्हा बसवून उलट प्रश्न विचारले. हे सर्व त्यांनी श्रोत्यांसमोर ठेवले. साक्षीदाराची उलटतपासणी व साक्षींची परस्परतुलना म्हणजे काय, हे पदव्युत्तर वर्गाला समजावून देण्यास याहून सोपे उदाहरण मला तरी ठाऊक नाही.

दुसरे प्रकरण याच्या उलट आहे. ऑक्टोबर २०१० मध्ये जुने मित्र लुई सी. के. यांची दोन भागांतील मुलाखत प्रसृत झाली. दुरावलेली मैत्री, ईर्ष्या, पहिल्या अपत्याच्या जन्माची आठवण यांमुळे ती गाजली. २०१४ मध्ये ‘स्लेट’ नियतकालिकाने तिला पॉडकास्टच्या इतिहासातील सर्वोत्कृष्ट भाग ठरविले. नोव्हेंबर २०१७ मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने पाच स्त्रियांच्या कथनांच्या आधारे लुई यांचे लैंगिक गैरवर्तन उघड केले आणि त्यांनी ते मान्य केले. त्यानंतर मॅरन यांनी आपल्या पॉडकास्टवरच सांगितले की, या अफवांविषयी आपण मित्राला खाजगीत विचारले होते, त्याने नाकारले आणि आपण त्याच्यावर विश्वास ठेवला. म्हणजे जी मुलाखत प्रांजळपणाचा आदर्श मानली गेली, तिच्यात सर्वांत महत्त्वाची गोष्ट आलीच नव्हती. अश्रू हे सत्याचे प्रमाण नव्हे. जवळीक साक्षीदाराला बोलते करते, आणि तीच काही प्रश्न विचारू देत नाही. या ध्वनिसंग्रहाचा उपयोग करणाऱ्याने हे प्रकरण विसरून चालणार नाही. ज्या स्त्रियांचे कथन येथे निर्णायक ठरले त्या गॅरेजमधील खुर्चीवर नव्हे, वृत्तपत्राच्या वार्ताहरांपुढे बोलल्या, हेही नोंदविले पाहिजे.

तथापि काही भागांचे मोल कालांतराने वाढलेले दिसते. एप्रिल २०१० मध्ये प्रसृत झालेल्या मुलाखतीत अभिनेते रॉबिन विल्यम्स एरवीची धावपळ सोडून संथपणे बोलले. मद्यपान, हृदयशस्त्रक्रिया, इतकेच नव्हे तर आत्महत्येचा विचारही त्यांच्या बोलण्यात विनोदाच्या अंगाने आला. ऑगस्ट २०१४ मध्ये त्यांनी जीवन संपविले, तेव्हा मॅरन यांनी तो भाग पुन्हा प्रसृत केला. २०२२ साली लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या राष्ट्रीय ध्वनिमुद्रण सूचीत या मुलाखतीचा समावेश झाला. मात्र पुढील मृत्यूच्या प्रकाशात मागील वाक्यांना भविष्यवाणीचे रूप देण्याचा मोह येथे टाळावा लागतो.

जून २०१५ मध्ये राष्ट्राध्यक्ष बराक ओबामा त्याच गॅरेजमध्ये आले. शेजाऱ्याच्या छपरावर सुरक्षारक्षक होते. चार्ल्सटनच्या चर्चमध्ये नऊ कृष्णवर्णीयांची हत्या होऊन दोनच दिवस झाले होते. वंशद्वेष केवळ शिष्टाचाराने मिटत नाही हे सांगताना ओबामांनी एक निषिद्ध शब्द उच्चारला. वृत्तपत्रांत गाजला तो शब्द. मुलाखतीतील शस्त्रनियंत्रणाविषयीची हतबलता त्यामानाने दुर्लक्षित राहिली.

मॅरन यांची अभिनयाची कारकीर्द (‘मॅरन’, २०१३ ते २०१६, ‘ग्लो’, २०१७ ते २०१९) या यशानंतरची आहे, तिचा विचार येथे करीत नाही. १६ मे २०२० रोजी त्यांच्या सहचारिणी, दिग्दर्शिका लिन शेल्टन यांचे रक्ताच्या कर्करोगाने अकस्मात निधन झाले. दोन दिवसांनी ते पॉडकास्टवर रडत बोलले. तेच दुःख २०२३ च्या ‘फ्रॉम ब्लीक टू डार्क’ या कार्यक्रमात विनोदाचा विषय झाले. महासाथीच्या टाळेबंदीत घरी एकटा असलेला माणूस ताज्या आघातानंतर काय बोलला आणि तीन वर्षांनी रंगमंचावर तेच कसे बोलला, ही दोन्ही रूपे उपलब्ध असणे दुर्मीळ आहे. लेनी ब्रूस यांच्या अभ्यासकाला असे काही मिळत नाही.

शेवटचा भाग १३ ऑक्टोबर २०२५ रोजी प्रसृत झाला. पाहुणे पुन्हा ओबामाच होते. या वेळी मॅरन त्यांच्या वॉशिंग्टनमधील कार्यालयात गेले होते. जुने भाग बराच काळ केवळ वर्गणीदारांनाच ऐकता येत असत. राष्ट्रीय सूचीत गेली ती सोळाशेंपैकी एक मुलाखत. मेन्सियांच्या दोन्ही साक्षी आणि लुई यांचे दोन्ही भाग त्या सूचीत नाहीत.